घरच्या पानातलं पथ्य

धोंडभट वैद्य कुणालाही ‘कसे आहात?’ असं विचारत नसत. माणूस ओळखीचा असो वा नसो, समोर आला की पहिला प्रश्न एकच: ‘काल काय जेवलात?’ घाटावरून स्नान करून परतणारे भले भले लोक त्यांची काटकुळी आकृती लांबून दिसली की भलत्याच बोळात वळायचे. आमच्या दप्तरातल्या एका स्थूल कारभाऱ्यांना एकदा वळायला बोळ सापडला नाही. पोटावरून हात फिरवत ते म्हणाले, ‘काल श्राद्धाचं जेवण होतं, जरा जास्तच झालं.’ वैद्यबुवा म्हणाले, ‘श्राद्ध कुणाचं होतं ते विचारत नाही. पुढचं कुणाचं ते दिसतंच आहे.’ कारभारी बरेच दिवस फुरंगटून होते. मग एके सकाळी आपल्या पायांनी चालत जाऊन मुकाट्याने त्यांच्या ओटीवर बसले.

ती ओटी कसब्यात होती. भिंतीशी खैराच्या सालींची गाठोडी, परसात कडुनिंब, आणि कोनाड्यात ओल्या फडक्याने तोंड बांधलेलं मडकं. त्या मडक्यात जळवा असत. रोग्याचं बिघडलेलं रक्त काढायला त्या लावायच्या. जळवांना ते ‘बाई’ म्हणत. रक्त पिऊन टम्म झालेली जळू गळून पडली की तिच्यावर हळद टाकून तिला ते ओकायला लावायचे आणि वर म्हणायचे, ‘दमलात बाई! आता चार दिवस स्वस्थ पडा. तुम्हाला सांगितलेलं ऐकू तरी येतं.’ हे शेवटचं रोग्यासाठी असे, आणि रोग्याला ते बरोबर लागे.

जुनाट त्वचारोगात त्यांचा हात धरणारा तेव्हा पुण्यात कुणी नव्हता. कात्रजच्या डोंगरात जाऊन साली, मुळ्या, बहाव्याच्या शेंगा स्वतः आणायचे. पण औषधाचं कौतुक त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. ‘औषध हा चाकर हो. घरचा मालक म्हणजे पथ्य. मालक हिंडतोय गावभर आणि तुम्ही चाकराला दम देताय!’ असं त्यांचं बोलणं. मीठ, आंबट, दही, उडीद, तीळ, शिळं अन्न ही त्यांची पिढीजात वैरीमंडळी. पंक्तीत त्यांच्या शेजारचं पान कुणाला नको असे. आपण कोशिंबिरीला हात घातला की शेजारून एक उसासा यायचा.

हे सगळं गावाला ठाऊक होतं. मला ठाऊक असलेला माणूस थोडा निराळा आहे, कारण धोंडभट माझे सासरे. त्यांची एकुलती एक मुलगी यमुना ही माझी बायको. सासरे झाले तरी मी त्यांना वैद्यबुवाच म्हणत राहिलो.

यमुना आमच्या घरी नांदायला आली तेव्हा तिच्या अंगावर डाग म्हणून नव्हता. दुसऱ्या वर्षीच्या थंडीत तिच्या उजव्या कोपरावर एक लाल चट्टा उठला. त्याच्यावर पांढरे, चकचकीत पापुद्रे. खाजवलं की खवल्यांसारखे झडायचे. मग डावा कोपर, मग गुडघे, मग भांगाच्या कडेने. ती चोळीच्या बाह्या खाली ओढून वावरायला लागली. सकाळी अंथरूण झटकताना भुसा पडावा तसं पडायचं, आणि ते कुणी पाहायच्या आत ती पदराने टिपून घ्यायची. मी पाहत असे. बघून न बघितल्यासारखं करणं एवढंच मला येत होतं.

घरात आम्ही तिघं. मी, ती आणि माझी आई. आई वाईट होती असं कुणी समजू नये. माझे वडील स्वारीवर गेले ते परत आलेच नाहीत. विशीतल्या त्या बाईने लोकांचे पापड लाटून मला वाढवलं, मोडी गिरवायला लावलं, दप्तरात चिकटवलं. पण चट्टे बघून ती हबकली. वैद्यबुवांना बोलावून तिने सरळच विचारलं, ‘हा महारोग तर नव्हे?’

‘नव्हे, विहीणबाई. यात बोटं झडत नाहीत. एकाचं दुसऱ्याला लागत नाही. चिवट आहे, एवढंच.’

‘तुमची मुलगी. तुम्ही तसंच म्हणणार!’

पुण्यातल्या त्या सगळ्यात धारदार जिभेच्या माणसाने यावर नुसती मान खाली घातली. मी चकित झालो. कारभाऱ्यांना तोंडावर श्राद्ध ऐकवणारे हेच का ते? पण मुलीचा बाप होता ना तो. आईने मग सगळ्यांच्या देखत सांगून टाकलं, ‘कोपराच्या वर आहे तोवर मी काही म्हणत नाही. हाताच्या पंजावर उतरलं तर मात्र मी तिला स्वयंपाकाला शिवू द्यायची नाही. देवाचं, पितरांचं मग कुणाच्या हातचं करू? ती माहेरी राहील आणि ह्याचं मी दुसरं बघेन.’ कोपर आणि मनगट यांच्यात अंतर ते केवढं? वीतभर. त्या वीतभर जागेवर आमचा संसार उभा होता.

शरद ऋतूत वैद्यबुवांनी तिला महिनाभर माहेरी नेलं. रेच दिला, जळवा लावल्या, खैराचा काढा आणि कडू औषधांत उकळून सिद्ध केलेलं तूप पोटात दिलं, करंजाचं तेल अंगाला लावलं. दिवाळीला ती आली ती लख्ख होऊन. आईनेसुद्धा तिचा हात हातात घेऊन उजेडात फिरवून बघितला. आणि संक्रांतीला दोन्ही कोपर परत लाल! पुढच्या वर्षी तेच. माहेरी धुतलं जायचं, सासरी परत चढायचं. वैद्यबुवांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे दिसायचं, ते मी नंतर हरलेल्या फौजेच्या लोकांच्या चेहऱ्यांवर पाहिलं.

तिसऱ्या वर्षी माहेरपणाला गेलेल्या लेकीला त्यांनी आपला तो जगजाहीर प्रश्न विचारला. कसा कोण जाणे, तिलाच विचारायचा राहिला होता. ‘यमे, सासरी काय जेवतेस गं तू?’

ती म्हणाली, ‘तिकडच्या पानात राहिलं असेल ते.’

यात तिला काही विशेष वाटलं नाही आणि तोवर मलाही वाटलं नव्हतं. नवरा जेवून उठला की त्याच्याच उष्ट्या पानावर बायकोने बसायचं, ही घरोघरची रीत. आणि माझं पान कसलं? दहीभात, चिंचेचं वरण, लिंबाचं लोणचं, उडदाचा पापड, तिळाची चटणी. तिला जे जे वर्ज्य ते ते मला प्रिय, आणि ते जास्तीच उरायचं, कारण आई मला प्रेमाने भसाभस वाढायची. अख्ख्या गावाला पथ्य वाटत फिरणाऱ्या माणसाच्या मुलीला पथ्य करायला स्वतःचं पानच नव्हतं. यमुना मला नंतर म्हणाली, की ते ऐकून तिचे वडील बराच वेळ खैराची साल नुसती सोलत बसले होते.

त्यानंतर आठवड्याभरात ते आमच्याकडे आले. मुलीला मूल होईपर्यंत तिच्या घरी बापाने अन्नपाणी घ्यायचं नाही, म्हणून ते आमच्याकडे पाण्याचा थेंबही घेत नसत. ओटीवर बसले, माझ्याकडे टक लावून पाहिलं आणि एकाएकी म्हणाले, ‘जावईबुवा, हात द्या बघू.’ डोळे मिटून नाडी धरली. इतका वेळ धरली की आई दारात येऊन उभी राहिली.

‘पित्त,’ ते म्हणाले. ‘रक्तात उतरायला लागलंय. विहीणबाई, घाबरू नका. पण आजपासून यांचं पथ्य कडक. मीठ बंद. दही, चिंच, लोणचं, उडीद, तीळ घरात दिसता कामा नये. जुन्या तांदळाचा भात, मुगाचं वरण, पडवळ, दुधी. आणि हे कडू तूप, भातावर.’

मी म्हणालो, ‘अहो, पण मला काहीच होत नाही!’

‘होईपर्यंत थांबायचं आहे का?’

आईचा चेहरा पांढरा पडला. एकुलता एक मुलगा! तिने त्याच दुपारी लोणच्याची बरणी शेजारी देऊन टाकली. जाता जाता उंबऱ्यात थांबून वैद्यबुवा म्हणाले, ‘आणि एक. हे तूप आणि तुपाचा भात पुसून संपवायचा नाही. निम्मा पानात राहायला हवा. या औषधाचा तसा नियमच आहे.’ कसला नियम, मी मनात म्हटलं, निम्मं औषध टाकून द्यायचं तर दुप्पट कडू करता कशाला?

अळणी जेवण म्हणजे काय ते जेवल्याशिवाय कळायचं नाही. दप्तरात माझी यथेच्छ टवाळी झाली. कुणी मला बघून मिठाची पुडी पुढे करी, कुणी विचारी, ‘काय हो, सुतक किती दिवसांचं?’ शेवटी एका मुंजीत मी बंड केलं. मसालेभात, पंचामृत, कैरीचं लोणचं, सगळं हाणलं आणि दुसऱ्या दिवशी छाती काढून कसब्यात हजर झालो. ‘वैद्यबुवा, काल हे हे खाल्लं. काही एक झालेलं नाही!’

‘उत्तम,’ ते जळवांचं पाणी बदलत म्हणाले. ‘बाहेर काय वाट्टेल ते खा. घरच्या पानात मात्र नको. तुमचा रोग घरच्या पानातच होतो.’

मी घरी आलो. यमुना भाकरी थापत होती. चूल पेटलेली, त्या उजेडात तिचे हात वरखाली होत होते. कोपरावरचे पापुद्रे गळून गेले होते, खाली नुसती गुलाबी कातडी होती. मी तिथेच भिंतीला टेकून बसलो. ती म्हणाली, ‘काय झालं? बरं वाटत नाही का?’ मी म्हणालो, ‘बरं कसं वाटेल? मी आजारी आहे.’ ती खाली मान घालून हसली. तिला माझ्या आधीच कळलं होतं तर!

तेव्हापासून मी आजारी पडलो तो वर्षानुवर्षं. वैद्यबुवा महिन्या-दोन महिन्यांनी यायचे, गंभीरपणाने माझी नाडी बघायचे आणि ‘थोडा उतार आहे, पण पथ्य सोडू नका’ असं आईला सांगायचे. हे सांगताना नजर असायची पाणी आणून ठेवणाऱ्या यमुनेच्या हातांकडे. ते पाणी ते पीत नसत. वैद्यबुवा आणि मी या गोष्टीबद्दल कधी बोललो नाही. एकदाच मी विचारलं, ‘वैद्यबुवा, हा... माझा रोग पुरता बरा कधी होणार?’ ते म्हणाले, ‘व्हायचा नाही. याला शास्त्रात याप्य म्हणतात. घर खचायला लागलं की टेकू लावतात ना, तसं. टेकू आहे तोवर घर आहे.’ थंडीत थोडं उठायचं, उन्हाळ्यात मावळायचं. पण ती वीतभर जागा स्वच्छ राहिली. यमुना हळदीकुंकवाला जायला लागली, बांगड्या भरून घ्यायला लागली. मला त्या अळणी भाताची चव लागायला लागली, खरंच सांगतो.

मग श्रीमंतांची स्वारी कर्नाटकात निघाली आणि माझं नाव छावणीच्या कारकुनांत आलं. घरात मी नसणार, म्हणजे माझं पान नसणार. हे मला हुकूम कानावर पडल्या पडल्या सुचायला हवं होतं. सुचलं नाही. संध्याकाळी वैद्यबुवा धापा टाकत आले, तेव्हा कळलं.

आईशी ते फार अदबीने बोलले. ‘विहीणबाई, जावईबुवा येईपर्यंत यमुनेला माझ्याकडे राहू द्या.’

‘घरचा पुरुष बाहेर आणि सून माहेरी? देवापुढे दिवा सवाष्णीनं लावायचा की मी?’

‘बरं. मग नवऱ्यासाठी म्हणून तिला व्रत करू द्या. मीठ सोडायचं. तो सुखरूप येईपर्यंत अळणी जेवेल.’

आई ताडकन उभी राहिली. ‘अळणी? नवरा स्वारीवर असताना सवाष्ण अळणी जेवणार? अहो, अळणी सुतकात जेवतात! ह्याचे वडील असेच गेले होते. भावकीतलं सुतक होतं आणि मी अळणी जेवत होते. त्या पानावरून उठवून मला ती बातमी सांगितली लोकांनी. याचं औषध म्हणून इतकी वर्षं सोसलं मी. तो घरात नसताना माझ्या चुलीवर अळणी शिजायचं नाही. मेले तरी नाही!’

ती रडायला लागली. वैद्यबुवांनी हात जोडले. पोराच्या जिवासाठी घाबरलेल्या आईला कुणी काय सांगायचं?

मी त्यांना पोचवायला कोपऱ्यापर्यंत गेलो. म्हटलं, ‘आईला खरं काय ते सांगून टाकतो.’

‘सांगा,’ ते म्हणाले. ‘मग त्या म्हणतील, सुनेसाठी माझ्या मुलाला इतकी वर्षं सुतकाचं जेवू घातलं. उद्या ती माझ्याकडे येईल, कायमची. अंगानं बरी राहील. नवरा सोडून.’ मग म्हणाले, ‘तिलाच विचारा, तिला काय हवंय.’

मी विचारलं. ती म्हणाली, ‘मला हेच घर हवं. चार महिन्यांचा तर प्रश्न. इकडून लवकर यायचं व्हावं.’

चार महिन्यांची स्वारी वर्ष उलटून लांबली. छावणीत पहिल्या दिवशी खारट आमटी समोर आली आणि घास गिळवेना. मी खात होतो ते खाऊन ती बरी राहत होती. आता मी काय खातो याने कुणाचं काही होणार नव्हतं. घरून निरोप यायचे ते सगळे ‘क्षेम आहे’ असेच. मी नदीकाठी बसून तिच्या कोपरांचा विचार करायचो. हात बांधून बुडवावं तसे ते दिवस.

परतताना फौज घाट उतरून कात्रजला आली. तलावाच्या बांधावर एक काटकुळा म्हातारा उभा होता, जवळ ना झोळी ना विळा. इतके महिने परमुलखात राहून आलेला माणूस समोर उभा, आणि धोंडभट वैद्यांनी त्याला काय जेवलात म्हणून विचारलं नाही. ‘चला लवकर,’ एवढंच म्हणाले.

वाटेत त्यांनी तुटक तुटक सांगितलं. चट्टे हातावर उतरले, मग सगळ्या अंगभर एक झाले. ती पदराआड लपवीत राहिली, शेवटी ताप चढला. आईनेच रडत रडत तिला डोलीत घालून कसब्यात पोचवलं होतं, आणि देवापाशी नाक घासत बसली होती. ‘मी करायचं ते सगळं करतोय,’ ते म्हणाले. ‘अंगात रक्त काढण्याइतकी शक्ती नाही. तूप जिरत नाही. जावईबुवा, मला आता काही येत नाही.’ हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकणारा मी पहिलाच असेन.

यमुना केळीच्या पानांवर निजली होती, कारण कापड सोसत नव्हतं. डोक्यापासून पायापर्यंत लाल आणि तरीही थंडीने कुडकुडत होती. मला बघून तिने हात केळीच्या पानाआड ओढून घेतले. मी म्हटलं, ‘असू दे गं, असू दे.’

‘तिकडे मीठ खाल्लं?’ तिने विचारलं.

‘खाल्लं.’

‘गोड लागलं?’

‘नाही.’

ती हसली आणि तिचा ओठ फुटला. वैद्यबुवा लगबगीने तूप घेऊन पुढे झाले, तिच्या ओठाला लावलं आणि वाटी हातात धरून तसेच उभे राहिले. दोन दिवसांनी ती गेली.

सुतकाचे दिवस मी अळणी जेवलो. मला त्यात नवं काय होतं? चौदाव्या दिवशी आमच्याकडे गोडाचं जेवण झालं. वैद्यबुवांना आईने स्वतः जाऊन बोलावून आणलं. ते आमच्या घरी कधी जेवले नव्हते. आता न जेवण्याचं कारण उरलं नव्हतं, म्हणून माझ्या शेजारच्या पानावर बसले. डोळे सुजलेली आई मीठ वाढत आली आणि माझ्या पानापाशी थबकली. ‘वैद्यबुवा, याला वाढू का हो?’

त्यांनी माझा हात हातात घेतला. डोळे मिटून नाडी धरली. पंगत खोळंबली तरी धरून राहिले. मग हात सोडून ते म्हणाले, ‘वाढा. आता हरकत नाही. जावईबुवा बरे झाले.’

आईने मीठ वाढलं आणि पदराने डोळे पुसले. ‘तुमच्या हाताला यश आहे, वैद्यबुवा,’ ती मनापासून म्हणाली. ‘इतकी वर्षं धरून होतात, अखेर माझ्या मुलाला बरं केलंत.’

वैद्यबुवा खाली मान घालून पुढ्यातला भात कालवत राहिले. मीही जेवलो. उठताना पाहिलं, तर सवयीने निम्मा तूपभात मी पानात ठेवला होता.